उभ्या गाडीचं इंजिन

जबाब देणार: गॅरेजवाल्या मिस्त्रींची विधवा पत्नी. वय सत्तेचाळीस, धंदा शिवणकाम, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत, सासऱ्यांसह.

चष्मेवाल्यांच्या तक्रारीबाबत विचारले म्हणून समोर बसून सांगते की,

त्या सकाळी मी पाणी भरले, सासऱ्यांचा चहा झाकून ठेवला आणि मोरीत कपडे पिळत होते. तेवढ्यात पुढे गॅरेजमध्ये गाडी सुरू झाली. पिळलेला टॉवेल मी परत बादलीत टाकला आणि हात न पुसता पुढे गेले. माझे पती वारून तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता.

गाडीपाशी सासरे होते. पतींच्या स्टुलावर बसून त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला होता. त्यांना ऐकू येत नाही. इंजिन चालू आहे का, हे ते हातानेच बघतात. मला म्हणाले, "चहा इकडंच आण गं. गाडी गरम होतेय."

गाडी आमच्या गल्लीत चष्म्यांचे दुकान असलेल्या चष्मेवाल्यांची. पतींनी तिचे इंजिन पूर्ण उतरवून, सिलिंडर घासून, नवे पिस्टन आणि त्यांवर नव्या रिंगा घालून पुन्हा बांधले होते. एकदा सुरू केले, तेल कुठे गळते का पाहिले आणि बंद करून हात धुवायला आत आले. ते नळाशीच पडले. गाडीचे रनिंग व्हायचे राहिले.

रनिंग म्हणजे नवे बांधलेले इंजिन रस्त्यावर काढून अंगवळणी पाडणे. चढावर थोडा जोर द्यायचा, उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडायचा, एकाच वेगाने रेटायची नाही. पती दर वेळी मला शेजारी बसवून नेत. आमचे फिरणे म्हणजे तेवढेच. ते म्हणत, "रिंगा म्हणजे नवी सून. कामाला लागली की सिलिंडरच्या भिंतीशी जमतं तिचं." मी विचारी, "आणि बसवून ठेवली तर?" "तर तुझ्यासारखी तोंड चालवते." हे लिहायचे का, असे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले. मी लिहा म्हटले. त्या फेऱ्यांतच त्यांनी मला गाडी शिकवली. माझ्याकडे परवाना आहे.

चष्मेवाले मुलीकडे परगावी गेले होते. ते येईपर्यंत सासरे रोज सकाळी चोक ओढून गाडी सुरू करीत आणि बराच वेळ उभ्यानेच चालू ठेवीत. ते जन्मभर ट्रकवर होते. सकाळी गाडी गरम करणे हा त्यांचा नेम. मी मनाई केली नाही. जागेवर उभी राहून चालली तर तिला काय त्रास, असे मला वाटले. शिवाय तो आवाज आला की घरात माणूस आहे असे वाटे.

चष्मेवाले गाडी घेऊन गेले. थोड्याच दिवसांत ती निळा धूर सोडू लागली, ऑईल खाऊ लागली. ते दारात येऊन भर गल्लीत म्हणाले, "जुन्याच रिंगा घातल्या आणि नव्या म्हणून सांगितलं. आता विचारू कुणाला?" सासऱ्यांनी मला विचारले, "काय म्हणतो तो?" गाडी छान चालते म्हणतात, अशी मी हाताने खूण केली. त्यानंतर चष्मेवाल्यांनी फसवणुकीची तक्रार दिली.

तपासणीला हवालदार, चष्मेवाले, सासरे आणि मी हजर होतो. तपासायला पलीकडच्या चौकातले मिस्त्री बोलावले होते. आवाजामुळे त्यांना सगळे भोंगा म्हणतात. त्यांचे आणि पतींचे फारसे पटत नसे. त्यांनी प्लग काढून प्रेशर मोजले, ते कमी भरले. मग आत थोडे ऑईल सोडून पुन्हा मोजले, ते वाढले. म्हणाले, "व्हॉल्व्ह ठीक आहेत. गळती रिंगा आणि भिंतीच्या मधेच." मग इंजिन खोलले. सासरे बॅटरीचा उजेड धरून उभे होते. सिलिंडरच्या भिंतीवर तेल धरून ठेवणाऱ्या बारीक तिरप्या रेघा असतात. वरच्या भागात त्या उरल्या नव्हत्या. भिंत आरशासारखी चकचकत होती.

भोंगा मिस्त्री म्हणाले, "रिंगा नव्याच आहेत, ही बघा कंपनीची खूण. काम असं केलंय की मला जमणार नाही. पण गाडी रोज उभी ठेवून चालवलीय कुणीतरी. इंजिनावर भार नाही, म्हणून रिंगा बसल्या नाहीत. त्यात चोक ओढलेला. जास्तीच्या पेट्रोलनं भिंतीवरचं तेल धुऊन नेलं. फार लाड केले हो हिचे."

हवालदारांनी विचारले, "कुणी चालवली?"

भोंगा मिस्त्रींनी सासऱ्यांच्या हातातली बॅटरी हळूच काढून घेतली आणि त्यांना बसायला हाताने स्टूल दाखवले.

चष्मेवाल्यांनी मला बाहेर येऊन विचारले, "त्यांना सांगायला नको का?" मी म्हटले, "मुलाचं शेवटचं काम आपण सांभाळलं, असं वाटतंय त्यांना. तेवढं राहू द्या." ते म्हणाले, "गल्लीत बोललो ते गल्लीतच परत घेतो." त्यांनी तसे केले.

गाडी सासऱ्यांनी चालवली, हे मी आज सांगत आहे. पतींच्या नावापुढे फसवणूक हा शब्द राहू नये, एवढ्यासाठीच. सासऱ्यांना याबद्दल काही विचारू नये, ही विनंती.

भोंगा मिस्त्रींनी भिंत पुन्हा घासली, रिंगा बदलल्या, इंजिन बांधले. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "रनिंग तुम्हीच काढा, वहिनी. त्याची पद्धत तुम्हाला ठाऊक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरले, चहा थर्मासमध्ये ओतला, सासऱ्यांना मी बसत असे त्या सीटवर बसवले आणि गाडी लगेच रस्त्यावर काढली. चढावर जोर दिला. उतारावर पाय सोडला. सासऱ्यांनी समोर डॅशबोर्डवर तळहात ठेवला होता. म्हणाले, "चांगलं बांधलंय पोरानं." मी मान हलवली.

साहेब जबाब वाचून दाखवत होते, पण मीच वाचते म्हटले. मी शाळेत गेले नाही. सुट्या भागांच्या खोक्यांवरची अक्षरे लावत वाचायला शिकले. मी सांगितले तसेच यात उतरले आहे, म्हणून सही करते. सासरे बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना ऐकू येत नाही, तरी मी मनातल्या मनातच वाचला.