देवदूताची करंगळी

हवानाच्या जुन्या दफनभूमीच्या दारात रांग होती. रेमिहिओच्या मागे एक तरुणी उभी होती. तिच्यामागे फुलं घेऊन एक म्हातारी आली.

“शेवटचं कोण?”

“मी, आजी. या.”

“काय बघायला आलीस गं?”

“संगमरवरी देवदूत. त्याची करंगळी म्हणे वाकडी आहे. कारागीर चुकला वाटतं.”

“चुकतोय कसला! बायकोचा हात समोर ठेवून घडवलाय त्यानं. मालक म्हणाला, सरळ कर. हा म्हणाला, दुसरा कारागीर बघा.”

“तोही इथंच पुरलाय?”

“छे! गरिबाला कसला आलाय संगमरवर?”

“मग ही फुलं?”

“देवदूताच्या हातात ठेवायची. त्यानं घडवलेला हात तर आहे ना इथं!”

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “शेवटचं कोण?”

“मी!” म्हातारीनं हात वर केला.

रेमिहिओनं वळून पाहिलं. तिच्या वर केलेल्या हाताची करंगळी वाकडी होती.