पायांची गोळी आणि छातीतलं घुमट

...नाही, मला एक सांगा, पाय जळतात म्हणून गोळी घेतली, तर तिनं पायांत जायला नको? तुम्हाला सांगतो, साखरेनं माझे तळवे असे पेटायचे की बादलीत पाय घालून पेपर वाचायचो! डॉक्टर म्हणाले, "बाबाजी, ही नसांची गोळी, जेवल्यावर एक." घेतली. पाय गार झाले हो... पण गोळी पायांची आणि नाचतं कोण? काळीज!

चक्कर काय, धडधड काय... पण सांगतो कोणाला? गणपतीची चवथ तोंडावर! आमच्या सर्वण गावात वीस वर्षं आरतीला घुमट माझं, मी थाप मारायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं. डॉक्टरनं 'घरी बसा' म्हटलं तर? गप्प बसलो.

चवथीला आरती सुरू झाली, आणि मधेच एक जादा ठोका! काठ्यांनी शामेळाचा ढोल बडवायला शेजारचा गौरेश. त्याच्यावर डोळे वटारले. परत जादा ठोका! शेवटी ओरडलो, "बंद करा! सगळ्यांनी हात वर!" केले. झांजवाल्यानं झांजेसकट केले. आणि तरी वाजतंय! धुम्... धुम्-धुम्... धुम्! "कोण रे तो?" आमची पार्वती पुढं आली, माझ्या छातीवर हात ठेवला, "अगे बाये! अहो, हे तुमच्यातच वाजतंय!" घाबरलो हो, खोटं कशाला बोलू? गणपतीसमोर घामाघूम!

तशीच वरात डिचोलीला, डॉक्टरांकडे. छातीला वायरी लावल्या, कागद निघाला, डॉक्टर तापले, "या गोळीनं ठोके चुकतात कधी कधी! धडधडतं हे सांगितलं का नाही?" म्हटलं, "तुम्ही पाय विचारले, मी पाय सांगितले!" गोळी पायांची, नाचतं काळीज, आणि बोलणी मला!

गोळी बदलली. गणपतीच्या सातव्या दिवशी ऐटीत घुमट घेऊन बसलो. काळीज सरळ, ताल सरळ. दोन कडवी झाली नाहीत तर गौरेश थांबला, "बाबाजीकाका, तुमचो जादा ठोको खंय गेलो?" मेल्यांनी चवथीची आरती मोबाइलवर भरून घेतलेली, ती ऐकून ऐकून तो ठोका घोकलेला! सगळे माझ्याच तालात, चुकतोय फक्त मी! पार्वतीनं घुमट काढून गौरेशला दिलं आणि माझ्या हातात झांज ठेवली.

नवी गोळी जरा मवाळ, तळवे परत पेटलेत. जळू देत! गोळी पायांची, ठोका माझ्या काळजाचा... आणि नाचतं कोण? अख्खं सर्वण!