ललिताबाईंची वही आणि माझी तक्रार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मोहाडीचे ज्येष्ठ नागरिक मा. भैय्यालालजी पटले साहेब, पोस्टमास्तर मा. इश्वरजी पारधी, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा टाकून इथं जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती ललिताबाई हटवार, समोर बसलेल्या माता-भगिनी, आणि मागे खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभं राहणारे माझे बंधू, या सर्वांना यादोराव टिकाराम बांते याचा नमस्कार.

मी वक्ता नाही. जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौदा वर्षं काम करतो, तिथं बोलायचं काम कमीच. पण आज मला बोलू द्या असं मी स्वतः होऊन पोस्टमास्तर साहेबांना म्हणालो. का म्हणालो, ते पुढं कळेल. तोवर बाईंनी माझ्याकडं असं रोखून बघू नये ही विनंती.

मंडळी, बाई एकवीस वर्षं आपल्या पोस्टाच्या मागच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डापुढं बसल्या. आता म्हणे डायलचे फोन येणार, बोट फिरवलं की नंबर लागणार. लागो बाप्पा! पण मला सांगा, नंबर लागला म्हणजे काम झालं का? सरकारी कचेऱ्यांचे नंबर छापलेलं पुस्तक तेव्हाही होतं. त्यात कचेरीचा नंबर असायचा, पण फोन साहेबाच्या खोलीत आणि खोलीला कुलूप, हे त्यात कुठं लिहिलेलं असायचं?

ते बाईंच्या वहीत लिहिलेलं असायचं. निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्यानं शिवलेली वही. तिच्यात नंबर थोडे आणि माणसं फार. कोणत्या कचेरीत फोन कोण उचलतो, कोण नुसता 'हाव, हाव' म्हणून ठेवून देतो, कोण बाजाराच्या दिवशी सापडत नाही, ज्याच्याकडं फोनच नाही त्याला कोणाच्या फोनवर बोलावून घ्यायचं, सगळं त्यात. आमचे कवडूभाऊ इथं बसले आहेत, त्यांना विचारा. तलावाच्या पाण्यासाठी त्यांनी भर दुपारी एका कचेरीचा नंबर मागितला, तर बाई म्हणाल्या, "आता लावला तं चौकीदार उचलते अन् पाणी सोडतो म्हणते. त्याच्या हातात घागरभर पाणी नाही. तीनले येजो." कवडूभाऊ तीनला आले आणि काम झालं. हसू नका कवडूभाऊ, खरं आहे ना?

बाईंची एक रीत होती. कोणी खिडकीशी येऊन नंबर मागितला, की त्या म्हणत, "नंबर नोको सांगू, काम सांग." या रीतीनं अनेकांचं भलं झालं. आणि या रीतीचा एका माणसाला भयंकर राग आला. तो माणूस आपल्यापुढं उभा आहे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी सातवी पास, शेती दीड एकर धानाची, आणि फॅक्टरीतून मला बोलावणं आलं होतं. अट एकच, एक ऑगस्टला वय पंचवीसच्या आत पाहिजे. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जुलै एकोणपन्नास. म्हणजे मी एका महिन्यानं म्हातारा ठरलो होतो!

आता ही तारीख आली कुठून? जुन्या लोकांना आठवत असेल. शाळेत घालताना गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाती आला, की सहा वर्षं पूर्ण. माझे हात जन्मापासून लांब. सव्वापाच वर्षांचा असताना मी कानच काय, गालसुद्धा धरला. गुरुजी खूश झाले, सहा वर्षं मागं मोजून त्यांनी एक जुलै लिहून टाकलं. त्या लांब हातांचं मला फार कौतुक होतं, आणि त्यांनीच माझी नोकरी खाल्ली असती.

फॅक्टरीच्या साहेबानं सांगितलं, "जन्माच्या नोंदीची नक्कल आणा. शनिवारी चारच्या आत." गावात जन्म झाला की कोतवाल आपल्या वहीत लिहायचा, आणि ती वही पुढं तहसिलीत जमा व्हायची. त्या वहीला आपण कोतवाल बुक म्हणतो. बुधवारी मी भंडाऱ्याला जाऊन आमच्या गावचं कोतवाल बुक काढायला लावलं. कारकुनानं दोन वर्षांची पानं माझ्यासमोर उलटली. गावातल्या सगळ्यांचा जन्म सापडला, माझा नाही. म्हणजे मी जन्मलोच नव्हतो की काय?

गुरुवारी सकाळी मी पोस्टाच्या खिडकीशी उभा. म्हटलं, "बाई, जन्माचे जुने कागद ठेवणाऱ्या मोठ्या साहेबाचा नंबर द्या."

"काम सांग."

सांगितलं. बाईंनी कानावरचं यंत्र बाजूला केलं आणि विचारलं, "पहिलटकरनीचा का रे तू? तुह्या आईचं माहेर कोन्तं?"

मंडळी, माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईनं मला काही कमी केलं नाही, पण पहिलीचं नाव आमच्या घरात कोणी काढत नसे. तिचं माहेर मला ठाऊक नव्हतं. मी चिडलो. म्हटलं, "माह्या आईसंग तुमाले काय करा लागते? नंबर देता का नाही?"

"माहेर समजल्याबिगर कोनाचा नंबर देऊ? घरी जा, इचारून ये."

मी घरी नाही गेलो. समोरच्या टेबलावर तक्रार वही होती, ती उघडली आणि सातवीपर्यंतचं सगळं शिक्षण पणाला लावून लिहिलं, "सदर बाई नंबर मागितला असता नंबर देत नाहीत व घरगुती चौकशा करतात. त्यांच्यावर योग्य ती कारवाई व्हावी." खाली सही केली, लांब हाताला शोभेल अशी लांबलचक. बाई, ती तक्रार मी केली होती. आज चौदा वर्षांनी चारचौघांत सांगतो आहे.

दुपारी घरी जाऊन बांधावर बसलेल्या बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "बपेरा. कायले इचारतेस?" आणि मग त्यांनीच सांगितलं, "तू तिथंच झाला. पहिलं बाळंतपण माहेरी होते ना बाप्पा."

ही गोष्ट तुमच्या घरच्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. पण मी आणि तो कारकून, आम्हा दोघा पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. बापाचं गाव तेच पोराचं गाव, असं धरून आम्ही नको तिथं शोधत होतो. बाईंना मात्र एका क्षणात उमगलं होतं.

मी सायकल मारत पोस्टात आलो. खिडकीशी 'बपेरा' एवढंच म्हणालो. बाईही एवढंच म्हणाल्या, "मंग तुमसरले हाये तुहा कागद. बस."

बपेरा तुमसर तहसिलीत, आणि तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये फोन नव्हता. बाईंनी वही उघडली, तुमसरच्या ऑपरेटरला हाक मारली, त्यानं शेजारच्या कचेरीतला फोन जोडला, तिथल्या शिपायाला बाईंनी नावानं ओळखलं आणि त्याच्याकरवी रेकॉर्डकीपर तुलारामजींना बोलावून घेतलं. "तुलारामजी, बपेऱ्याचं सन एकोणपन्नास-पन्नासचं कोतवाल बुक काढा. बापाचं नाव टिकाराम. पोराच्या नोकरीची गोष्ट हाये." मग आम्ही थांबलो. तासभर बाई दुसऱ्यांचे फोन जोडत होत्या आणि मी तक्रार वहीकडं पाठ करून बसलो होतो. वाटत होतं, ते पान फाडून खाऊन टाकावं.

फोन आला. बाईंनी ऐकलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अकरा मार्च एकोणीसशे पन्नास. चोवीसचा हायेस रे तू!"

शुक्रवारी मी तुमसरला नक्कल घेतली. त्या कागदावर बाळाला नाव नव्हतं, नुसतं 'मुलगा' लिहिलं होतं. पण आईच्या रकान्यात लिहिलं होतं, कुंताबाई. माझ्या आईचं नाव लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बस स्टँडवर उभा राहून मी ते किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. शनिवारी तीन वाजता नक्कल फॅक्टरीत जमा केली आणि मला नोकरी लागली.

सोमवारी पेढे घेऊन आलो, तर तक्रार वही टेबलावर नव्हती. तपासणीसाठी वर गेली म्हणाले. मंडळी, मी पेढे खिडकीत ठेवले आणि सायकल काढली. पुढं कानावर येऊ लागलं, की ललिताबाईंना मोठ्या एक्स्चेंजला बढती मिळत नाही. काहून मिळत नाही, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मला ठाऊक आहे. दर दिवाळीला मी चिवडा घेऊन त्यांच्या घरी गेलो, आणि दर दिवाळीला तक्रारीचं न सांगता परत आलो.

आज सकाळी मांडवाच्या निमित्तानं लवकर आलो आणि पारधी साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "बढती तीनदा आली जी. बाईनं तिन्ही बार लेखी नाकारली. घरी म्हातारी आई होती, तिले सोडून जाणार नाही म्हणून." मग त्यांनी कपाटातून जुनी तक्रार वही काढून दिली. माझं पान जसंच्या तसं होतं. त्याखाली बाईंच्या अक्षरात खुलासा होता, तो वाचून दाखवतो.

"अर्जदारास आईचे माहेर विचारले, हे खरे आहे. पहिला मुलगा माहेरी जन्मतो म्हणून विचारले. माहेर बपेरा निघाले. नोंद सापडली." आणि त्याखाली तेव्हाच्या पोस्टमास्तरांचा शेरा, "तक्रार खरी. कारवाईची गरज नाही."

चौदा वर्षांचं ओझं आज सकाळी साडेनऊला उतरलं. दोन कप चहा प्यायलो आणि तुमच्यासाठी खुर्च्या लावल्या.

काय म्हणता बाई? जोरात बोला, मागं ऐकू जात नाही. बाई म्हणतात, "मले त्याच दिवशी मालूम होतं. तुही सही अर्ध्या पानावर होती."

म्हणजे माझा जन्म शोधत तासभर बसल्या, तेव्हा त्यांना ठाऊक होतं! मग बाई, दर दिवाळीला माझा चिवडा मुकाट्यानं खाल्लात तो?

मंडळी, मी थांबतो, नाही तर रडेन. बाई, तुम्ही मला नंबर दिला नाहीत, आई दिलीत. तुमचे आभार कोणत्या रकान्यात लिहू, ते मला कळत नाही. अध्यक्ष महाराजांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात माझं काही चुकलं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. तरीही राग आलाच, तर तक्रार वही तिथं टेबलावर आहे. फक्त लिहिण्याआधी एकदा घरी जाऊन आईला विचारून या. ज्यांची आहे, त्यांनी तरी.