चौथा भाग आधीचा

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. बापाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

“काजल, तुह्या गेममधली राणी दुसऱ्या भागात मेली ना वं? मग चौथ्यात बोलते कशी?”

“बाबा, चौथ्यातली गोष्ट पहिल्याच्या आधीची आहे.”

“मग त्याले चौथा काहून म्हणते?”

“तो मागाहून बनवला न.”

“म्हणजे तिले पुढचं काहीच माहीत नाही.”

“नाही.”

“तरीच हासून राहिली होती. ऐकू आलं मले.”

“आज पट्टी निघाली की पाचवा लावू.”

“दिसलं तर.”

“डॉक्टर म्हणाले ना, दिसन.”

“मग पाचवा नको. पहिल्यापासून लाव. साऱ्यायचे चेहरे पाहाचे आहेत मले.”

“सात भाग आहेत, बाबा. वर्ष जाईन.”

“जाऊ दे न.”