तानीच्या पदरातलं पाडस

ऐका, आणि मध्ये बोलू नका. तो कंदील जरा मोठा करा आधी. हां.

वरचं ते कातळाचं पठार, आपला सडा, त्याच्याखालची तानी गोताड. एक दिवस कुत्र्यांनी भेकराची मादी फाडली, आणि तिचं पाडस तानीने उचलून घरी आणलं. एवढंसं! मांजराएवढं. गाईचं दूध घेईना, मान टाकायला लागलं. नवरा तापाने पडलेला. म्हणाला, "सकाळी फॉरेस्टवाल्यांना कळवू."

"सकाळपर्यंत उरेल का ते?"

वर धनगरवाड्यावर ठकुबाईची शेळी नुकती व्यालेली. तानीने पाडस पदरात बांधलं, बॅटरी घेतली, निघाली. एकटी! अंधार पडल्यावर! सड्यावरून!

वाट पायाखालची हो. समोर ठकुबाईचा दिवा. चालली, चालली, आणि बघते तर दिवा पाठीमागे! वळली. परत चालली. कुंभ्याचं झाड आलं. अरे, हे तर मघाशीच ओलांडलं! तेवढ्यात बॅटरी विझली, आणि भेकर ओरडलं. भॉक! आता सांगा, मादी तर मेलेली. तानीने डोळ्यांनी बघितलेली. मग ओरडलं कोण?

चांदण्यांच्या अंधुक उजेडात बघते, तर पुढे वाटेवर पाडस उभं. कुडकुडत.

"अगं बाई, पडलं की काय!" म्हणत उचललं. पदर चाचपला, तर पहिलं तिथंच! दोन झाली. अगदी सारखी! दोघांच्या तोंडात बोट दिलं. दोन्ही चोखायला लागली. एकाचं तोंड गरम, एकाचं गारढोण. हात बदलले, तर गारठाही बदलला! खरं कुठलं? बाईचं डोकंच चालेना.

अंधारातून बाईचा आवाज आला. गोड. "ताने, त्यातलं एक माझं. माझं खाली ठेव आणि जा."

"तुझं कुठलं?"

"तूच ओळख की!"

आणि हसली. अरे, सगळा सडा हसला!

तानीला रडू फुटलं. चुकीचं ठेवलं तर? मटकन खाली बसली, दोन्ही पोटाशी धरली. "नाही ओळखता येत मला! दोन्ही माझीच. जा तू!"

मग नुसता वारा. किती वेळ, तिलाच ठाऊक नाही. शेळ्या बुजल्या म्हणून ठकुबाई उजेड घेऊन बाहेर पडली होती, तिची हाक आली. "ताने, उठू नको! तशीच मागं सरक!"

तानीने बघितलं. गुडघ्यापुढे कडा. खाली दरी. आणि पदरात पाडस एकच.

शेळीला लुचलं ते. जगलं, मोठं झालं, रानात गेलं. पण तानी त्याच्याकडे बघत बसायची. हे माझं, की तिचं? अजून कळलेलं नाही तिला.

तेव्हा पोरांनो, अंधारात सड्याची वाट धरायची नाही. काही झालं तरी नाही. आणि पिल्लू सापडलं तर? उचला की! पण खालच्या रस्त्याने न्या.