शेंदूर लागलेला पूल

चहा घ्या, सांगतो. मला मात्र हे अजून नीट उमगलेलं नाही. तापीच्या पुलाचा गंज काढायला मी आणि सातपुड्यातला रूपजी होतो. मिस्त्री रनाळ्याचा. गंजाला पोलादी तारेचाच ब्रश हवा, पितळी मऊ पडतो, हे त्यानेच शिकवलं. घासून झालं की तो लोखंडाला तेलात कालवलेला शेंदूर लावी, म्हणजे पुन्हा गंज धरत नाही.

एका तुळईवर आमच्या हातून गंज राहिला आणि शेंदराला पोपडे आले.

"घासा परत," मिस्त्री म्हणाला.

रूपजीने ब्रश ठेवून हात जोडले. "शेंदूर लागना, आते हाऊ देव शे. देवले तारना ब्रश कसा लावू?"

"रंग शे तो, येड्या! घासस का घर जास?"

"घर जास."

तो खरंच निघाला. काम गेलं बिचाऱ्याचं, असं मला वाटलं. मिस्त्री तुळईकडे बघतच राहिला.

"थांब रे भाऊ. मारुतीनी शेंदूरनी जुनी खोळ काढतस का नही?"

"काढतस. पन पहिले नारळ फोडतस."

मिस्त्रीने नारळ आणवला, रूपजीने तो फोडून ब्रश उचलला. त्यानंतर पुलावर चढताना आम्ही वहाणा काढायचो. सगळ्यांत आधी मिस्त्री.