काकांनी भट्टीत घातलेला प्रोजेक्ट

तुमचे प्रोजेक्ट पावसात भिजले असतील, माझा काकांनी जाळला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी गांडुळांवर काम करत होते. पाचट जाळलेल्या आणि न जाळलेल्या उसात तीन महिने वाकून मी गांडुळांची विष्ठा गोळा केली, वाळवली आणि बारा पुड्या बांधल्या. कॉलेजच्या काट्यावर बारीक वजन कळेना, म्हणून विट्याला काकांच्या सोनं गाळायच्या दुकानात गेले. काका जेवायला गेले होते. पुड्या ठेवून फोन केला, "काका, एवढं बघून ठेवा."

संध्याकाळी बघते तर पुड्यांत राख. सराफांकडचा केर जाळून त्यातलं सोनं काढणं हा काकांचा रोजचा धंदा. मला रडूच फुटलं.

काका जवळ बसले. "रडू नगंस पोरी. पण गुंजभर सोनं न्हाई त्यात. कुनीतरी फसवलंय तुला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रोजेक्टच्या मॅडमनी राख बघितली आणि पुड्या उलटून वाचत बसल्या. काकांनी सवयीनं प्रत्येक पुडीवर जाळण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "अगं, जेवढं जळलं तेवढाच सेंद्रिय भाग, तोच जमिनीचा कस. आपल्याला हेच मोजायचं होतं."

मी काकांना फोनवर सगळं समजावलं. पुड्यांत काय होतं तेही सांगितलं.

काका म्हणाले, "म्हंजी सोनं हुतं ते मी जाळलं, आन् राख तेवढी जपून दिली."